सेकंदाचा चौथा हिस्सा

लाल दिव्याखाली कागदावर चेहरे उमटायला लागले, तशी साबेरा पुटपुटली, "या अल्ला, पुन्हा!"

शाळेतल्या निरोप समारंभाचा फोटो होता. मधोमध हार घालून बसलेले मुख्याध्यापक शेषेराव, दोन्ही बाजूंना मास्तर आणि बाई, मागे शिपाई. शेषेरावांना दोन नाकं आली होती. शेजारच्या बाईंच्या कपाळावर दोन कुंकवं होती. एका शिपायाच्या मिशीवर आणखी एक मिशी येऊन बसली होती. साबेराला आधी हसू फुटलं आणि मग ते मावळलं, कारण गेल्या काही दिवसांतला असा हा पहिला फोटो नव्हता.

न्हाणीघराला काळा पडदा लावून केलेली ती डार्करूम. पडद्याबाहेरून तिच्या नवऱ्याने, चांदपाशाने विचारलं, "कसा आला?"

"हाललाय जी."

मग तो म्हणाला, "झटका आला असंल. बटन दाबतानाच मला पायाखाली जाणवलं व्हतं."

दुसऱ्या कुठल्या गावात हे कारण कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याची टर उडवली असती. लातुरात त्या वर्षी कुणी उडवत नव्हतं. आदल्या सप्टेंबरात एका पहाटे किल्लारीकडची गावंच्या गावं झोपेतच गाडली गेली. लातूर शहर वाचलं, पण त्याची झोप उडाली ती उडालीच. उन्हाळा तोंडावर आला तरी अधूनमधून धक्के बसत होते. खरे थोडे, मनातले फार. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला तरी लोक अनवाणी बाहेर पळत. घरोघरी झोपताना डब्यावर डबा, त्यावर तांब्या, त्यावर वाटी असा मनोरा रचून ठेवायची पद्धत पडली होती. जमीन हलली की भांडी कोसळतील आणि जाग येईल, इतकं साधं गणित. गल्लीतल्या उमाबाईंचा मनोरा मांजराने पाडला, तेव्हा सगळी गल्ली चादरी गुंडाळून चौकात जमली होती आणि मांजर घरात निवांत दूध पीत होतं. अशा गावात फोटो हलला तर त्यात नवल ते काय? शेषेरावांनी तर तो फोटो आनंदाने घेतला आणि "माझ्या निरोपाला धरणीसुद्धा हालली" असं म्हणत भेटेल त्याला दाखवला.

पण सगळी गिऱ्हाइकं शेषेरावांसारखी नसतात. आणि चांदपाशाचं दुकान होतं क्लासेसच्या गल्लीत. दहावी-बारावीची पोरं खेड्यापाड्यांतून लोटत होती, खोल्यांची भाडी वाढत होती, डाळीच्या गोदामांवर पत्रे टाकून वर्ग भरत होते, आणि प्रत्येक पोराला ओळखपत्रासाठी, प्रवेशासाठी, होस्टेलसाठी फोटो लागत होता. त्यातला आदिनाथ सरांचा क्लास सर्वांत मोठा. त्या क्लासचं सगळं काम चांदपाशाकडे असे आणि त्याच्यावर घर चाले. आता स्टेशन रोडला एक नवा स्टुडिओ निघाला होता, छत्र्या लावलेल्या दिव्यांचा. चांदपाशाच्या हातून फोटो बिघडत राहिले तर काम तिकडे जाणार हे साबेराला कळत होतं. कामाबरोबर आणखी एक गोष्ट जाणार होती, तिची तिला जास्त धास्ती होती.

चांदपाशाचं नाव होतं ते 'हातानं काढणारा' म्हणून. त्याने जन्मात कॅमेऱ्याला स्टँड लावलं नव्हतं. कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास सोडून अर्ध्यात थांबवायचा आणि बोट नुसतं ठेवल्यासारखं दाबायचं. उरुसातले दिवे तो सेकंदाच्या आठव्या हिश्शावर हातातच काढायचा आणि ज्योत न ज्योत वेगळी यायची. दुसरे फोटोग्राफर बघायला येत. "स्टँड कशाला," तो म्हणायचा, "अल्लानं दोन पाय दिलेत की."

साबेराला हा आठवा हिस्सा, साठावा हिस्सा काय असतो ते पक्कं माहीत होतं, कारण तिने ते विचारून विचारून काढून घेतलं होतं. 'का' विचारायची तिला लहानपणापासून खोड. जळकोटला तिच्या बापाचं सायकलचं दुकान होतं, आणि तिथली एकही घंटी तिने उघडून पाहिल्याशिवाय सोडली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा कॅमेऱ्यावरची ती चकती पाहून तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ह्ये साठ म्हंजे काय जी?"

"एका सेकंदाचे साठ हिस्से कर. त्यातला एक. तेवढाच वेळ आतला पडदा उघडतो."

"तेवढ्यात काय दिसतंय?"

"तेवढ्यातलंच दिसतंय."

तिचं समाधान झालं नाही. तिला तो हिस्सा डोळ्यांनी बघायचा होता. शेवटी वैतागून चांदपाशाने छतावरच्या पंख्याचे फोटो काढले, चकती एकेक आकडा फिरवत. अख्खा रोल पंख्यावर गेला. आठव्या हिश्शात पंख्याला पातीच नव्हती, नुसतं धुरकट वर्तुळ. साठाव्यात पाती दिसली, पण कडा पुसलेल्या. हजाराव्यात पंखा अगदी बंद असल्यासारखा उभा. साबेरा तो फोटो हातात घेऊन बसून राहिली होती.

"म्हंजे पंखा थांबला व्हता?"

"थांबतोय कशाला? आपुन लई थोडं बघितलं, मनून थांबल्यावानी दिसतोय."

त्या दिवसापासून निगेटिव्ह वाचायचा तिला नादच लागला. पोरगं हललं तर पोरगंच फिस्कटतं आणि मागची भिंत शाबूत राहते, हे तिने आपलं आपण ताडलं होतं.

शेषेरावांच्या फोटोत भिंतसुद्धा हलली होती. भिंतीवरचा सुविचारही दोनदा लिहिल्यासारखा दिसत होता. म्हणजे एक तर जमीन हलली होती, नाही तर कॅमेरा. जमीन हलली असेल तर ती एकट्या शाळेची कशी हलेल? साबेराने चौकशी सुरू केली. भाजी घेताना, नळावर, ती सहज विचारी, "मंगळवारी दुपारी काही हाललं का वो?"

उमाबाई म्हणाल्या, "मला तर रोजच हालतंय बाई. काल भाकर थापता थापता तवा सरकला."

डाळ गिरणीतला मुकादम ईश्वरप्पा म्हणाला, "आमच्या मशीनी चालू असल्या की अख्खी गल्ली हालती. भूकंप आला तर आमाला पत्ता लागायचा न्हाई."

हे साबेराला एकदम पटलं. गिरणी! दुकान गिरणीला लागूनच. पण शाळा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. आणि गिरणीला सुट्टी असते त्या अमावास्येला काढलेले फोटोही तिने भिंगाखाली धरले. तेही हललेले.

मग तिने एक दिवस दुकानातल्या बाकाखाली पितळी परात ठेवली आणि ती काठोकाठ पाण्याने भरली. चांदपाशाने विचारलं, "ह्ये काय?"

"गारवा राहतोय जरा," ती म्हणाली. खोटं बोलताना तिला जड गेलं नाही, कारण तोवर तिला फक्त उत्सुकता होती.

दुपारी एक मुलगी पासपोर्ट फोटोला आली. चांदपाशाने दिवे लावले, कोपरं बरगड्यांना टेकवली. साबेरा केस विंचरून द्यायच्या निमित्ताने आत होती. तिची नजर परातीवर. बटणाचा खट् आवाज झाला. पाण्यावर दिव्याचं प्रतिबिंब होतं तसंच होतं, त्याची कडही मोडली नाही.

"आला की झटका," चांदपाशा म्हणाला. "पुन्हा घिऊ. जाणवला ना तुला?"

साबेराने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हाताकडे. कॅमेरा गळ्यात सोडून त्याने हात खाली घेतला होता आणि अंगठा व पहिलं बोट एकमेकांवर बारीक बारीक घासत होते, जणू तो चिमटीतली तपकीर चोळत होता. त्याचं त्याला कळतही नव्हतं.

"हाव," ती म्हणाली. "जाणवला."

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. चहा बशीत ओतून प्यायची त्याची सवय सुटली होती आणि तो पेल्यात अर्धाच चहा मागत होता. तिला वाटलं होतं पित्त झालंय. शर्टाची वरची गुंडी आताशा तिलाच लावायला सांगायचा. तिला वाटलं होतं लाडात आलाय. आपल्याला सगळ्या गोष्टींची कारणं लागतात आणि हे मात्र रोज डोळ्यांसमोर असून दिसलं नाही, याचा तिला फार राग आला. त्या दिवशी डार्करूममध्ये शिरून ती पोटभर रडली. तिथे लाल दिव्यात डोळे लाल झालेले कुणाला कळत नाहीत.

सांगावं तर कसं सांगावं? ज्या माणसाचा सगळा मान हातात, त्याला हात गेला म्हणून सांगायचं? तिने दुसरी वाट धरली. जो हात साठाव्या हिश्शात हलतो, तो अडीचशेव्या हिश्शात हलल्याचं दिसत नाही. पंख्याने हे तिला केव्हाच शिकवलं होतं. पण अडीचशेवर यायचं तर उजेड भरपूर हवा. ती गिऱ्हाइकांना अंगणात बसवायला लागली. "आत लई उकडतंय, बाहेर सावलीत घ्या की जी." रोल आणायला जायची तेव्हा कमी उजेडातही भागणारा चारशेचा जलद रोल आणायची आणि म्हणायची, "दुकानात ह्योच शिल्लक व्हता." कॅमेरा पुसायच्या निमित्ताने चकती अडीचशेवर आणून ठेवायची. चांदपाशा सुरुवातीला कुरकुरला, मग फोटो बघून गप्प झाला. मुलांचे चेहरे काचेसारखे स्वच्छ येत होते.

एका संध्याकाळी तो ओले फोटो दोरीला लावता लावता खूष होऊन म्हणाला, "बघ साबेरा, झटके थांबले एकदाचे."

"हाव," ती म्हणाली आणि पाठ फिरवून चिमटे शोधायला लागली.

जूनमध्ये बारावीचा निकाल लागला. आदिनाथ सरांच्या क्लासची पोरं त्या वर्षी सुसाट सुटली. कुणाला मेडिकल, कुणाला विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग. सरांनी सगळ्यांना बोलावलं. पेपरात जाहिरात द्यायची आणि फाटकाशी मोठा फोटो लावायचा होता.

"चांदभाई, तीन रांगा होतील," सर म्हणाले. "मागच्या रांगेतला पोरगासुद्धा त्याच्या बापानं लांबून ओळखला पाहिजे. नव्या स्टुडिओवाले रोज चकरा मारायलेत, पण मी म्हणलं, आमचे चांदभाई आहेत."

वेळ दुपारी चारची ठरली होती. भरपूर उजेड असतो म्हणून साबेराने मुद्दाम ठरवली होती. पण परीक्षेत पहिली आलेली सुकन्या जळकोटकडची, तिची एस्टी वाटेत बंद पडली. तिच्याशिवाय फोटो काढायचा नाही म्हणून सर हटून बसले. पोरांना पेढे वाटले, आयांनी एकमेकींच्या ओट्या भरल्या, कुणी भाषण करून घेतलं. सुकन्या धापा टाकत फाटकातून आत आली तेव्हा ऊन गोदामाच्या मागे गेलं होतं आणि अंगणात राखाडी उजेड उरला होता.

चांदपाशाने मीटर बघितलं. फ्लॅश पहिल्या रांगेपुढे पोहोचणार नव्हता. त्याने चकती फिरवली. साबेराने मान लांब करून बघितलं. पंधरा. मग त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं, तीही रेखीव यावी म्हणून भिंगाची कडी फिरवून आतलं भोक बारीक केलं आणि त्याने घटलेला उजेड भरून काढायला चकती आठवर आणली.

"हातानं घेतो," तो सरांना म्हणाला. "उरुसात घेतोच की."

अडीचशेची सगळी हिकमत इथे संपली. गप्प बसावं, फोटो बिघडू द्यावा आणि पुन्हा एकदा झटका म्हणावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण ही पोरं उद्या चहूकडे पांगणार होती. पुन्हा एका रांगेत येणार नव्हती. ती पुढे झाली आणि त्याची बाही धरून त्याला जिन्याखाली घेऊन गेली.

"जी, कॅमेरा स्टुलावर ठेवा."

"स्टुलावर? आजवर कधी ठेवला का?"

तिच्याजवळ कारणं पुष्कळ होती. नवा रोल आहे, मुलं चुळबुळी आहेत, उजेड कमी आहे. एकही तोंडातून निघेना.

"झटके कवाचेच थांबलेत," ती हळूच म्हणाली. "फोटो हालत व्हते तवाबी जमीन हालत नव्हती. मी बघितलंय."

तुला कसं कळलं असं त्याने विचारलं नाही. त्याने उजवा हात पुढे धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. अंगठा आणि बोट आपलं काम करत होते. अंगणातून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"मग मला रोज हालल्यावानी कामून वाटून ऱ्हायलंय?" त्याने विचारलं. पोरगं विचारील तसं विचारलं.

जन्मभर ज्याला त्याला 'का' विचारत आलेल्या साबेराला पहिल्यांदाच कुणीतरी 'का' विचारलं होतं.

"मला न्हाई ठाव," ती म्हणाली. "आपुन इचारू कुनाला तरी. सोलापूरला जाऊ. पर आज स्टूल घ्या."

मग त्याने गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला. इतक्या वर्षांत तिने तो पट्टा त्याला दुकानाबाहेर काढताना पाहिला नव्हता. "सर," त्याने अंगणात येऊन हाक दिली, "प्रयोगशाळेतलं उंच स्टूल द्या. आन् गिरणीतून डाळीची लहान थैली मागवा एक."

ईश्वरप्पाने तूरडाळीची थैली पाठवली. चांदपाशाने ती स्टुलावर दाबून बसवली, त्यात खळगा केला आणि कॅमेरा खळग्यात टेकवला. आता हाताचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याने भिंगाचं भोक आणखी एक घर बारीक केलं, मागच्या रांगेसाठी. चकती चारवर आली. सेकंदाचा चौथा हिस्सा.

"लई वेळ झाला की जी," साबेरा कुजबुजली. "पोरं हालतील."

"पोरांचं मी बघतो. तू दाब."

"मी?"

"तू न्हाई तर कोन? बोट ठिवायचं नुसतं. ढकलायचं न्हाई."

आणि तो कॅमेऱ्यापासून बाजूला, डावीकडे जाऊन उभा राहिला. त्याने उजवा हात उंच केला. सगळ्यांना दिसेल असा. हात थरथरत होता, आणि वर केल्यावर आणखीच थरथरला. पुढच्या रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. साबेराला वाटलं, धावत जाऊन तो हात ओढणीखाली झाकावा.

"लेकरांनो," चांदपाशा खणखणीत आवाजात म्हणाला, "ह्या हाताकडं बघा. ह्यो हालून ऱ्हायलाय. त्याला इलाज न्हाई. पर तुम्ही हालायचं न्हाई. श्वास घ्या. सोडा. आता थांबा!"

तिन्ही रांगा जागच्या जागी थांबल्या. साबेराने बोट ठेवलं. खट् असा पडदा उघडला, आणि तो मिटायच्या आत तिला कळलं की चौथा हिस्सा केवढा मोठा असतो. तेवढ्यात तिला गल्लीतल्या गिरणीचा आवाज आला, स्वतःच्या छातीचा ठोका ऐकू आला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तो उंच धरलेला हात दिसला. मग खट् करून पडदा मिटला.

फोटो लख्ख आला. तिसऱ्या रांगेतल्या पोराच्या खिशाला लावलेलं पेन दिसत होतं. सरांनी तो उजेडाला धरून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला.

"एकेक चेहरा ओळखू येतोय, चांदभाई," ते म्हणाले. "पण सगळी पोरं तिकडं कुठं बघायलीत?"

चाळीसच्या आसपास मुलं होती, आणि एकही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला होते, चौकटीबाहेर, जरा उंचावर. आणि एरवी फोटोत असतो तो ओढूनताणून आणलेला भाव कुणाच्याच तोंडावर नव्हता. मग सरांना तो वर धरलेला हात आठवला. "राहू द्या," ते म्हणाले. "असाच राहू द्या." पुढच्या वर्षाचं कामही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. "भाभी येतील ना?" एवढंच विचारलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. हात थांबेल असं ते म्हणाले नाहीत. साबेराने त्यांना इतकं 'का, का' विचारलं की शेवटी त्यांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. कॅमेरा आता तिच्या गळ्यात आला. चकतीवर कुठला आकडा ठेवायचा ते चांदपाशा उजेडाकडे नुसतं बघून सांगायचा, आणि तो कधी चुकला नाही.

मोठी प्रत काचेच्या चौकटीत बसवून क्लासच्या फाटकाशी लागली. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी दोघे काम आटोपून त्या वाटेने येत होते. चांदपाशा फाटकाशी थांबला. त्याने आधी सरळ समोर उभं राहून फोटो बघितला. मग तो डावीकडे सरकत सरकत, ज्या बाजूला सगळी मुलं बघत होती, तिथे जाऊन उभा राहिला. क्लास सुटला होता, मुलं सायकली काढत त्याच्या आजूबाजूने जात होती, आणि साबेरा त्याला हाक न मारता रस्त्याच्या कडेला थांबून राहिली.